पाच हमी (कर्नाटक)

पाच हमी ही भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने २०२३ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीपूर्वी मतदारांना दिलेली पाच प्रमुख आश्वासने होत. गृह ज्योती, गृह लक्ष्मी, अन्न भाग्य, युवा निधी आणि शक्ती अशी त्यांची नावे आहेत. घरगुती वीज, कुटुंबप्रमुख स्त्रीला मासिक अर्थसाहाय्य, तांदूळ, बेरोजगार पदवीधरांना भत्ता आणि स्त्रियांना मोफत बस प्रवास हे त्यांचे विषय होत. निवडणुकीत काँग्रेसला बहुमत मिळाल्यानंतर सिद्धरामय्या यांच्या नेतृत्वाखालील सरकारने जून २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात पाचही योजना टप्प्याटप्प्याने लागू केल्या. प्रचारातील आश्वासन आणि प्रत्यक्ष शासकीय आदेश यांतील अंतर, राज्याच्या तिजोरीवरील भार आणि निवडणूकपूर्व आश्वासनांची वैधता या तिन्ही प्रश्नांवर या योजनांची देशभर चर्चा झाली. त्यांचा संदर्भ २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या प्रचारातही आला.

पार्श्वभूमी

निवडणुकीच्या आधी कर्नाटकात बसवराज बोम्मई यांच्या नेतृत्वाखालील भारतीय जनता पक्षाचे सरकार होते. सरकारी कामांत ४० टक्के दलाली घेतली जाते, असा आरोप राज्यातील कंत्राटदारांच्या संघटनेने केला होता. काँग्रेसने तो प्रचाराचा मुख्य मुद्दा बनविला आणि त्याच्या जोडीला थेट लाभाच्या आश्वासनांची मालिका जाहीर केली. प्रदेशाध्यक्ष डी. के. शिवकुमार आणि विधानसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते सिद्धरामय्या यांनी या प्रचाराचे नेतृत्व केले.

अशा आश्वासनांची परंपरा जुनी आहे. तमिळनाडूत द्रविड मुन्नेत्र कळघमने २००६ च्या निवडणुकीत मोफत रंगीत दूरचित्रवाणी संच आणि दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याचे वचन दिले होते. दिल्लीत २०१९ मध्ये आणि तमिळनाडूत २०२१ मध्ये स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. पश्चिम बंगालमध्ये २०२१ मध्ये स्त्रियांच्या खात्यात दरमहा रक्कम जमा करणारी लक्ष्मीर भांडार योजना सुरू झाली. खुद्द कर्नाटकात सिद्धरामय्या यांच्या पहिल्या सरकारने २०१३ मध्ये अन्न भाग्य या नावाने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना एक रुपया किलो दराने तांदूळ देण्यास प्रारंभ केला होता व पुढे तो मोफत केला.

'हमी' हा शब्द काँग्रेसने २०२२ च्या हिमाचल प्रदेश विधानसभा निवडणुकीतही वापरला होता. तेथे पक्षाने दहा हमी दिल्या व सत्ता मिळविली. त्याच वर्षी जुलैमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनप्रसंगी निवडणुकीतील मोफत वाटपाचा 'रेवडी संस्कृती' असा उल्लेख करून त्यावर टीका केली होती.

आश्वासनांची घोषणा

पाचही हमी एकाच वेळी जाहीर झाल्या नाहीत. जानेवारी ते एप्रिल २०२३ या चार महिन्यांत त्या वेगवेगळ्या ठिकाणी जाहीर करण्यात आल्या. त्यांपैकी दोन घोषणा बेळगाव जिल्ह्यात झाल्या.

* गृह ज्योती : ११ जानेवारी २०२३ रोजी बेळगाव जिल्ह्यातून पक्षाची प्रजाध्वनी यात्रा सुरू झाली. प्रत्येक घराला दरमहा २०० युनिटपर्यंत मोफत वीज देण्याचे आश्वासन त्या वेळी देण्यात आले.
* गृह लक्ष्मी : १६ जानेवारी रोजी बंगळूर येथील महिला मेळाव्यात प्रियांका गांधी यांच्या उपस्थितीत कुटुंबप्रमुख स्त्रीला दरमहा २,००० रुपये देण्याची घोषणा झाली.
* अन्न भाग्य : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील प्रत्येक व्यक्तीला दरमहा १० किलो तांदूळ मोफत देण्याचे वचन फेब्रुवारीत देण्यात आले.
* युवा निधी : २० मार्च रोजी बेळगाव येथील युवक मेळाव्यात राहुल गांधी यांनी बेरोजगार पदवीधरांना दरमहा ३,००० रुपये आणि पदविकाधारकांना १,५०० रुपये दोन वर्षांपर्यंत देण्याचे जाहीर केले.
* शक्ती : २७ एप्रिल रोजी मंगळूरजवळील सभेत राहुल गांधी यांनी स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत करण्याची पाचवी हमी दिली.

या आश्वासनांचे 'हमी कार्ड' छापून घरोघरी वाटण्यात आले. त्यावर शिवकुमार आणि सिद्धरामय्या यांच्या स्वाक्षऱ्या होत्या. २ मे २०२३ रोजी पक्षाध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांच्या उपस्थितीत जाहीरनामा प्रसिद्ध झाला. जाहीरनामा समितीचे अध्यक्ष जी. परमेश्वर होते. पाच हमींखेरीज आरक्षणाची मर्यादा ५० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांपर्यंत वाढविणे, दूध उत्पादकांचे प्रतिलिटर अनुदान ५ रुपयांवरून ७ रुपये करणे अशी आश्वासने त्यात होती. बजरंग दल आणि पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडिया यांसारख्या संघटनांवर बंदीसह कठोर कारवाई करण्याच्या उल्लेखावरून प्रचाराच्या अखेरच्या टप्प्यात मोठा वाद झाला.

भारतीय जनता पक्षाचा जाहीरनामा याच्या आदल्या दिवशी प्रसिद्ध झाला होता. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना उगादी, गणेश चतुर्थी व दिवाळी या सणांना मिळून वर्षाला तीन मोफत गॅस सिलिंडर, दररोज अर्धा लिटर नंदिनी दूध, तसेच दरमहा पाच किलो तांदूळ व पाच किलो भरडधान्य देण्याचे आश्वासन त्यात होते. जनता दलाने (धर्मनिरपेक्ष) 'पंचरत्न' या नावाने शिक्षण, आरोग्य, शेती, गृहनिर्माण व रोजगार यांविषयीचा कार्यक्रम मांडला. थेट लाभाची आश्वासने अशा रीतीने तिन्ही प्रमुख पक्षांच्या प्रचारात होती.

निवडणुकीचा निकाल

१० मे २०२३ रोजी मतदान आणि १३ मे रोजी मतमोजणी झाली. २२४ जागांपैकी काँग्रेसला १३५, भारतीय जनता पक्षाला ६६ आणि जनता दलाला (धर्मनिरपेक्ष) १९ जागा मिळाल्या. काँग्रेसला सुमारे ४३ टक्के, तर भारतीय जनता पक्षाला सुमारे ३६ टक्के मते मिळाली. बेळगाव जिल्ह्यातील १८ जागांपैकी ११ काँग्रेसकडे व ७ भारतीय जनता पक्षाकडे गेल्या. सीमाप्रश्नावर निवडणूक लढविणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला एकही जागा मिळाली नाही. बेळगाव ग्रामीण मतदारसंघातून पुन्हा निवडून आलेल्या लक्ष्मी हेब्बाळकर या पुढे महिला व बालकल्याण मंत्री झाल्या आणि गृह लक्ष्मी योजना त्यांच्या खात्याकडे आली.

अंमलबजावणी

२० मे २०२३ रोजी शपथविधी झाल्यावर त्याच दिवशी मंत्रिमंडळाच्या पहिल्या बैठकीत पाचही हमींना तत्त्वतः मान्यता देण्यात आली. तपशील आणि अटी ठरण्यास आणखी वेळ लागला. या मधल्या काळात राज्याच्या काही खेड्यांत ग्रामस्थांनी वीज मोफत झाल्याचे सांगून देयके भरण्यास नकार दिल्याच्या घटना घडल्या. २ जून रोजी मंत्रिमंडळाने पाचही योजनांचे वेळापत्रक आणि पात्रता जाहीर केली. हमी कार्डावरील एका ओळीच्या वचनाला शासकीय आदेशात कोणत्या अटी जोडल्या गेल्या, हा पुढील चर्चेचा मुख्य विषय ठरला.

_शक्ती_

सर्वप्रथम लागू झालेली ही योजना ११ जून २०२३ रोजी सुरू झाली. कर्नाटकच्या रहिवासी असलेल्या सर्व स्त्रियांना आणि तृतीयपंथीयांना राज्याच्या हद्दीत सरकारी महामंडळांच्या साध्या व जलद बसमधून मोफत प्रवास करता येतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. वाहक ओळखपत्र पाहून शून्य रकमेचे तिकीट देतो आणि त्या तिकिटांच्या आधारे महामंडळे सरकारकडून रक्कम मागतात. वातानुकूलित व आराम बसमध्ये ही सवलत लागू नाही. बंगळूर महानगर परिवहन वगळता अन्य महामंडळांच्या बसमध्ये निम्मी आसने पुरुषांसाठी राखण्याची तरतूद करण्यात आली. बेळगाव, धारवाड, कारवार या मराठी भाषकांची वस्ती असलेल्या भागांत वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्या बस चालतात.

योजना सुरू होताच धर्मस्थळासारख्या तीर्थक्षेत्रांकडे जाणाऱ्या बसमध्ये स्त्रियांची मोठी गर्दी झाली. रिक्षा व खासगी वाहतूक व्यावसायिकांनी उत्पन्न घटल्याची तक्रार केली आणि ११ सप्टेंबर २०२३ रोजी बंगळूरमध्ये खासगी वाहतूक बंद ठेवली. ५ जानेवारी २०२५ पासून राज्यातील बसभाड्यात १५ टक्के वाढ झाली. तिचा थेट भार पुरुष प्रवाशांवर पडला, तर स्त्रियांच्या तिकिटांपोटी सरकारने द्यावयाची रक्कमही वाढली. जुलै २०२५ मध्ये योजनेखालील प्रवासांची संख्या ५०० कोटींवर पोहोचली.

_गृह ज्योती_

ही योजना १ जुलै २०२३ पासूनच्या वीजवापरास लागू झाली. प्रचारात '२०० युनिट मोफत' असे म्हटले गेले असले, तरी आदेशानुसार प्रत्येक घराची मर्यादा वेगळी ठरली. २०२२-२३ या वर्षातील सरासरी मासिक वापर आणि त्यावर १० टक्के, एवढी वीज मोफत मिळते. या मर्यादेपेक्षा अधिक पण २०० युनिटपर्यंत वापर झाल्यास केवळ वाढीव युनिटचे पैसे भरावे लागतात आणि वापर २०० युनिटच्या पुढे गेल्यास संपूर्ण देयक भरावे लागते. म्हणजे ज्या घराचा सरासरी वापर १०० युनिट होता, त्याला ११० युनिट मोफत मिळतात. भाडेकरूंनाही योजनेचा लाभ मिळतो. अत्यल्प वीज वापरणाऱ्या घरांना १० टक्के वाढीचा फारसा उपयोग होत नसल्याने जानेवारी २०२४ मध्ये अशा ग्राहकांना १० टक्क्यांऐवजी सरसकट १० युनिट अधिक देण्याचा निर्णय झाला.

_अन्न भाग्य_

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार केंद्र सरकारकडून प्राधान्य कुटुंबांतील प्रतिव्यक्ती पाच किलो धान्य आधीच मिळत होते. त्यात राज्याने आणखी पाच किलो तांदळाची भर घालावी, अशी योजना होती. त्यासाठी लागणारा तांदूळ भारतीय अन्न महामंडळाकडून विकत घेण्याचा राज्याचा विचार होता. परंतु जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने खुल्या बाजार विक्री योजनेतून राज्य सरकारांना गहू व तांदूळ विकणे थांबविले. बाजारातील भाववाढ रोखण्यासाठी साठा आवश्यक असल्याचे केंद्राने सांगितले, तर हा निर्णय राजकीय हेतूने घेतल्याचा आरोप राज्य सरकारने केला.

इतर राज्यांकडून पुरेसा तांदूळ न मिळाल्याने सरकारने तांदळाऐवजी रोख रक्कम देण्याचे ठरविले. जुलै २०२३ पासून प्रतिकिलो ३४ रुपये या दराने पाच किलोंचे १७० रुपये प्रत्येक लाभार्थ्यामागे कुटुंबप्रमुखाच्या बँक खात्यात जमा होऊ लागले. पुढे केंद्राकडून कमी दराने तांदूळ उपलब्ध झाल्यावर फेब्रुवारी २०२५ पासून रोख रकमेऐवजी तांदूळ देणे सुरू झाले. मूळ वचनातील दहा किलो तांदूळ प्रत्यक्ष धान्याच्या रूपाने मिळण्यास अशा प्रकारे सुमारे पावणेदोन वर्षे लागली.

_गृह लक्ष्मी_

३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसूर येथे राहुल गांधी यांच्या उपस्थितीत या योजनेचा शुभारंभ झाला. पाच हमींपैकी ही सर्वांत खर्चिक योजना असून लाभार्थी स्त्रियांची संख्या एक कोटीहून अधिक आहे. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून नोंद असलेल्या स्त्रीला दरमहा २,००० रुपये मिळतात. स्वतः ती किंवा तिचा पती आयकर भरत असल्यास किंवा वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरत असल्यास लाभ मिळत नाही. एका कुटुंबातील एकाच स्त्रीला लाभ मिळत असल्याने सासू व सून यांपैकी कोणाच्या खात्यात रक्कम जमा व्हावी, हा प्रश्न सुरुवातीला उपस्थित झाला. शिधापत्रिकेवरील नोंद निर्णायक धरल्याने बहुतेक एकत्र कुटुंबांत हा लाभ सासूकडे गेला. हप्ते दरमहा ठरावीक दिवशी जमा न होता काही वेळा दोन-तीन महिन्यांनी एकत्र जमा होणे, ही या योजनेविषयीची प्रमुख तक्रार राहिली असून विधिमंडळातही तिच्यावर वारंवार चर्चा झाली आहे.

_युवा निधी_

१२ जानेवारी २०२४ रोजी, स्वामी विवेकानंद यांच्या जयंतीदिनी, शिवमोग्गा येथे ही योजना सुरू झाली. २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात उत्तीर्ण झालेल्या आणि त्यानंतर सहा महिने रोजगार न मिळालेल्या पदवीधरांपासून तिची सुरुवात झाली. भत्ता कमाल दोन वर्षे, अथवा नोकरी मिळेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर दिला जातो. आधीच्या वर्षांत पदवी घेतलेले बेरोजगार योजनेबाहेर राहिले. बेळगावच्या सभेतील घोषणा सर्व बेरोजगार पदवीधरांना उद्देशून असल्याचे सांगत विरोधकांनी या अटीवर टीका केली.

आर्थिक परिणाम

मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्याकडे अर्थखातेही होते. ७ जुलै २०२३ रोजी त्यांनी सुमारे ३.२७ लाख कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला. पाच हमींचा पूर्ण वर्षाचा खर्च सुमारे ५२,००० कोटी रुपये असून १.३ कोटी कुटुंबांना त्यांचा लाभ होईल, असा अंदाज त्यांनी दिला. याच अर्थसंकल्पात मद्यावरील अबकारी शुल्क वाढविण्यात आले. जून २०२४ मध्ये पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्के, तर डिझेलवरील १४.३ टक्क्यांवरून १८.४ टक्के झाला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात हमींसाठी सुमारे ५१,०३४ कोटी रुपयांची तरतूद होती.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२३-२४ या वर्षासाठीच्या अहवालानुसार राज्याच्या महसुली खर्चापैकी सुमारे १५ टक्के खर्च पाच हमींवर झाला. आधीच्या वर्षी महसुली आधिक्य असलेल्या राज्याला या वर्षी ९,२७१ कोटी रुपयांची महसुली तूट आली. राजकोषीय तूट ४६,६२३ कोटींवरून ६५,५२२ कोटी रुपयांवर गेली. पायाभूत सुविधांवरील भांडवली खर्चावर याचा परिणाम झाल्याचे निरीक्षणही अहवालात आहे.

अनुसूचित जाती व जमातींसाठी कायद्याने राखून ठेवलेल्या उपयोजना निधीतून २०२३-२४ मध्ये ११,००० कोटींहून अधिक रुपये हमी योजनांकडे वळविण्यात आले. ही रक्कम त्या समाजांतील लाभार्थ्यांवरच खर्च होते, असे सरकारचे म्हणणे आहे. सर्वांसाठीच्या योजनेवर विशेष निधी खर्च करणे हे मूळ कायद्याच्या हेतूशी विसंगत असल्याची टीका विरोधी पक्ष आणि दलित संघटनांनी केली.

भूमिका व टीका

सरकारच्या मते या योजनांमुळे पात्र कुटुंबाच्या हाती दरमहा सरासरी चार ते पाच हजार रुपये अधिक राहतात, ते स्थानिक बाजारात खर्च होतात आणि स्त्रियांच्या हालचालीला व निर्णयस्वातंत्र्याला बळ मिळते. महागाई आणि बेरोजगारीच्या काळात हा थेट आधार आवश्यक असल्याचे काँग्रेस सांगते.

भारतीय जनता पक्ष आणि जनता दलाने (धर्मनिरपेक्ष) प्रामुख्याने दोन आक्षेप घेतले. प्रचारात विनाअट दिलेली वचने सत्तेवर आल्यावर अटींनी मर्यादित केली गेली, हा पहिला आक्षेप होता. रस्ते, पाटबंधारे व इतर विकासकामांचा निधी आटल्याचा दुसरा आक्षेप होता. मतदारसंघातील कामांसाठी पुरेसा निधी मिळत नसल्याची तक्रार काँग्रेसच्या काही आमदारांनीही केली.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने राज्यात हमींच्या पूर्ततेवर भर दिला. पक्षाच्या जागा एकवरून नऊवर गेल्या, परंतु २८ पैकी १९ जागा भारतीय जनता पक्ष व जनता दल यांच्या युतीने जिंकल्या.

कायदेशीर बाजू

तमिळनाडूतील २००६ च्या आश्वासनांविषयीच्या सुब्रमण्यम बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. जाहीरनाम्यातील आश्वासने लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. मात्र मोफत वाटपाच्या आश्वासनांचा मतदारांवर प्रभाव पडतो, हेही नमूद करून जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्याचा निर्देश निवडणूक आयोगाला दिला. त्यानुसार आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयीचे प्रकरण समाविष्ट झाले. आश्वासनामागील तर्क व त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याचे मार्ग पक्षांनी स्थूलमानाने सांगावेत, अशी अपेक्षा त्यात आहे. ती न पाळल्यास कोणतीही शिक्षा नाही.

पाच हमींच्या आधारे बंगळूरच्या चामराजपेट मतदारसंघातील काँग्रेस उमेदवाराच्या निवडीला एका मतदाराने आव्हान दिले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ही याचिका फेटाळली आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. पक्षाच्या जाहीरनाम्यातील वचनांमुळे जनतेला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आर्थिक लाभ होणार असला, तरी ते उमेदवाराचे भ्रष्ट आचरण ठरते हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही.

इतर राज्यांवरील प्रभाव

कर्नाटकातील विजयानंतर काँग्रेसने नोव्हेंबर २०२३ मधील तेलंगणा विधानसभा निवडणुकीत सहा हमी दिल्या आणि तेथे सत्ता मिळविली.

महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून राज्य परिवहनच्या बसमध्ये स्त्रियांना भाड्यात ५० टक्के सवलत आहे. महायुती सरकारने जून २०२४ मध्ये दरमहा १,५०० रुपयांची मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर केली. त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीत महाविकास आघाडीने स्त्रियांना दरमहा ३,००० रुपये व मोफत बस प्रवासाचे, तर महायुतीने लाडकी बहीण योजनेची रक्कम २,१०० रुपये करण्याचे आश्वासन दिले. याच सुमारास शिवकुमार यांनी शक्ती योजनेच्या फेरविचाराविषयी विधान केल्याने वाद निर्माण झाला. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी बंगळूर येथे खर्गे यांनी त्यांना जाहीरपणे समज दिली. अर्थसंकल्पाला पेलतील तेवढीच आश्वासने द्यावीत, असे महाराष्ट्रातील नेत्यांनाही सांगितल्याचे त्यांनी या वेळी नमूद केले. शक्ती योजना बंद करण्याचा कोणताही प्रस्ताव नसल्याचे सिद्धरामय्या यांनी स्पष्ट केले. भारतीय जनता पक्षाने हा प्रसंग महाराष्ट्रातील प्रचारात वापरला. त्याला उत्तर देण्यासाठी शिवकुमार यांच्यासह काँग्रेसशासित राज्यांतील नेत्यांनी मुंबईत पत्रकार परिषद घेऊन आपापल्या राज्यांतील हमींच्या पूर्ततेचा तपशील मांडला.